कडा

महिन्याच्या पहिल्या रविवारचा पाव
मी कापते, एकतीस वर्षं.
शनिवारी क्वार्टर गेटच्या बेकरीतून अख्खे ब्रेड आणते,
पोऱ्या न विचारता, काप न करता गुंडाळून देतो.
मग देवळामागच्या खोलीत, ट्यूबलाइटखाली,
आधी चारही बाजूंच्या कडा उतरवायच्या,
मग पांढऱ्या गाभ्याचे तुकडे, नखाएवढे,
एकशे साठ. नाताळात दोनशे.

कडांचं कुणी काही सांगितलं नव्हतं.
मी त्या रुमालात बांधून घरी न्यायचे
आणि आशेर दारातच विचारायचा,
"आई, येशूच्या कडा आणल्यास?"
चहात बुडवून खायचा, हनुवटीवर ओघळ येईपर्यंत.
पाळकसाहेबांना कळलं तेव्हा ते हसले,
म्हणाले, अजून प्रार्थना झालेली नसते त्यावर,
खाऊ द्या पोराला.

आशेर म्हणजे सुखी.
नाव मीच काढलं होतं जुन्या करारातून.

सप्टेंबरात मंगळवारी तो कॉलेजातून आला डोकं धरून.
शुक्रवारी ससून. शांतवन
या रक्तपेढीतून त्या रक्तपेढीत, हातात चिठ्ठी घेऊन.
आणि रविवारी, इकडे अख्खी मंडळी
त्याच्यासाठी गुडघे टेकून असताना,
नऊ वाजून चाळीस मिनिटांनी.

बापा, मी तुला तेव्हा एकच विचारलं,
तू कुणाची कड घेतोस?
तू बोलला नाहीस.

पुढचा रविवार महिन्याचा पहिला होता.
रूथबाई म्हणाल्या होत्या, पावाचं मी बघते.
तरी मी गेले.
विश्वास होता म्हणून नव्हे, तुला माहीत आहे.
हाताला सुरी ठाऊक होती, म्हणून असेल.
कडा उतरवल्या, तुकडे केले,
एकशे एकोणसाठवर थांबले.
बराच वेळ.
मग आणखी एक केला.

तेव्हापासून तीन सप्टेंबर.
उपकारस्तुतीला लोक उभे राहतात.
कुणाला कॅनडाचा व्हिसा मिळाला,
कुणाची गाठ साधी निघाली,
कुणी उंड्रीत फ्लॅट घेतला, पाणी चोवीस तास.
मी मान हलवते, मनापासून. तुझंच देणं आहे ते.
पण माझी साक्ष मध्येच तुटते.
"आणि मग प्रभूनं" एवढं म्हणून
पुढचं वाक्य मिळत नाही.

या रविवारी मात्र उभी राहिले.
शांतवननं माझा पदर धरला.
मी म्हणाले, "या वेळी पाव छान फुगला होता,"
आणि बसले.
आमेन म्हणावं की नाही, कुणाला कळेना.
मागून थिओफिलमामांनी म्हटलं.
त्यांना ऐकू येत नाही, ते सगळ्यालाच म्हणतात.

घरी येताना नाना पेठेच्या चौकात
एक बाई दवाखान्यातून उतरत होती,
कडेवर दोन वर्षांचं पोर, दंडाला कापूस.
टोचून घ्यायला आईनंच नेलं होतं ना,
म्हणून ते आईलाच मारत होतं, दोन्ही मुठींनी,
आणि रडायला तोंड खुपसत होतं
तिच्याच मानेत.
ती त्याला समजावत नव्हती.
नुसती सावरून धरत होती,
घसरलं की पुन्हा वर घेत,
रिक्षा शोधत.

मी सिग्नल सुटून गेला तरी उभी.
माझ्याही मुठी दुखतायत, बापा, तीन वर्षं.
मारायला
मी एवढ्या जवळ होते तर तुझ्या.

एवढ्यानं काही भरून आलं असं नाही.
नऊ चाळीस रोज वाजतात.
तू चांगला आहेस, हे मी म्हणते
तेव्हा आवाज घोगरा येतो, आणि कधी कधी
म्हणायचं राहूनच जातं, झोप लागते.

रात्री रुमाल सोडला.
शांतवननं दोन कप चहा टाकला, विचारलं नाही.
कडा बुडवून बसलो दोघं.
शिळ्या झाल्या की कडक होतात त्या.
भिजायला वेळ लागतो.